डोंगर दिसला की कान धरायचा

साल दोन हजार चोवीस. मी एक्काहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, तिसरीत एकच दिवस गेलो, तोही मास्तरांना सांगायला की उद्यापासून येणार नाही. तरी गाडी चालवायचं लायसन माझ्याजवळ आहे आणि ते मी कुणाच्या वशिल्यानं काढलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात गुन्हेगार म्हणून मलाच धरलं होतं.

माझं काम एकच. सकाळी नातीला मोपेडवर मागं बसवायचं, हायवेनं येरमाळ्याला शाळेत सोडायचं, दुपारी परत आणायचं. शेती लेक बघतो, घर सून बघते, मला कुणी काही बघू देत नाही. त्यामुळं नातीची ने-आण ही माझी नोकरीच होती म्हणा की. पोरगी सात वर्षांची, तोंडाला कुलूप नाही. दोन्ही हातांनी माझं पोट आवळून बसायची आणि शाळेत कोण रडलं, कोण कुणाला चावलं, सगळं माझ्या पाठीला सांगायची. एवढं मन लावून माझ्याशी बोलणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ही नोकरी सुनेनं मला एका अटीवर दिली होती. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही. वाजला तर वाजू द्यायचा. सरकारचा कायदा आहेच, पण सुनेचा त्याहून कडक, आणि त्याला कारण होतं. तिचा भाऊ कळंबच्या रस्त्यानं मोटारसायकलवर चालला होता, मान वाकडी करून फोन खांद्यात दाबलेला, आणि पुढं उसाची ट्रॉली बंद पडून उभी. पलीकडून बोलत होती ती हीच. राखीला कधी येतोस, एवढंच विचारत होती. आधी फोनमधून एक आवाज आला, आणि मग काहीच आलं नाही. भाऊ वाचला; काठी टेकत का होईना चालतो. पण ते 'काहीच आलं नाही' तिच्या कानातून अजून गेलेलं नाही. आमच्यापैकी कुणाला फोन लावला की ती पहिल्यांदा विचारते, "कुठं हायसा? गाडीवर न्हाय न्हवं?"

मला ही अट जड नव्हती. माझा फोन बटनाचा. मला फोन करणारी निम्मी माणसं वर गेली आणि उरलेल्यांना ऐकू येत नाही.

अशात एका संध्याकाळी लेकाच्या मोबाइलवर मेसेज आला. मोपेड माझी, पण कागदावर नंबर त्याचा, कारण माझ्या नंबरावर मेसेज आला तर वाचणार कोण. मेसेजात फोटो, आणि फोटोत मी.

फोटो बाकी झकास होता. इतका चांगला फोटो माझा लग्नातसुद्धा निघाला नव्हता. बाजूला येडाई देवीचा डोंगर, टोपी सरळ, मिशी सरळ, मागची सीट मोकळी, म्हणजे नातीला सोडून परत निघालो होतो. उजवा हात हँडलला. डावा हात कानाला. खाली लिहिलेलं लेकानं वाचून दाखवलं: वाहन चालवताना मोबाइलचा वापर, दंड.

आता यातली गोष्ट अशी. आमच्या घरात देवीपुढं हात जोडत नाहीत, कान धरतात. माझी आई म्हणायची, हात मागणारानं जोडावेत. आपल्याला कुणाला काही मागायचं नाही, चुकलंमाकलं तेवढं सांगायचं. म्हणून येरमाळ्याच्या रस्त्याला डोंगर दिसला की कानाची पाळी धरायची आणि म्हणायचं, "आई, चुकलं ते पदरात घे." बैलगाडीवर होतो तेव्हा धरायचो, सायकलवर होतो तेव्हा धरायचो. मोपेड आली म्हणून काही देवी बदलली नाही. उलट हात जोडायला दोन हात लागतात आणि कान धरायला एक, म्हणजे गाडीवर हेच सोयीचं.

हवालदारानं मात्र लिंबाच्या सावलीतून बघितलं, म्हातारा कानाला हात लावून चाललाय, आणि आपला फोन वर करून फोटो काढला. मी हात कानाला नेला तो गुन्हा, त्यानं फोन डोळ्याला नेला ती ड्युटी.

सुनेनं फोटो बघितला. तिचा चेहराच उतरला. म्हणली, "मामा, हे काय?"

"कान धरला व्हता. देवीला."

"देव्हाऱ्यापुढं धरता ते म्या बघितलंय. गाडीवर बी?"

"डोंगर दिसल्यावर धरायचाच असतो."

"मम्मी, आबा खरंच कान धरत्यात," नात मधेच बोलली. "मी बी धरते."

"तू गप. तुला पढवून ठिवलंय." मग सुनेनं माझ्यापुढं हात केला. "मामा, तुमचा फोन द्या. त्या दिशी सकाळी कुणाचा फोन व्हता का बघू. नसंल तर मिटलं."

एका मिनिटाचं काम होतं. बंडीच्या खिशातून फोन काढायचा आणि तिच्या हातावर ठेवायचा.

"न्हाय देत," मी म्हणलं.

"का पर?"

"म्या सांगतोय ते पुरं न्हाय व्हय? ह्या घरात एवढी वर्सं माझा सबूद चालला, आन आता म्हातारा खरं बोलतो का खोटं ते डबीला इचारायचं?"

लेक म्हणाला, "आबा, दावा की. तुमचं काय जातंय?"

"माझंच जातंय," म्हणलं. "तुझं काय जात न्हाय."

सून भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडायला मी तयार होतो. ती भांडली नाही. नातीच्या दप्तराची चेन लावता लावता एवढंच म्हणली, "उद्यापासनं पोरगी तिच्या पप्पासंगं जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकाच्या मोटारसायकलवर मागं बसून नात गेली. वळणापर्यंत मागं बघून हात हलवत होती. मी मोपेड पुसत बसलो. पुसून झाली, म्हणून पुन्हा पुसली.

गावात तर माझी शोभाच झाली. लेकानं फोटो कुणाला दाखवला कुणास ठाऊक, पण फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचलो तर माझ्याआधी फोटो पोचलेला. माझ्याच वयाचा एक मैतर बशीत चहा ओतून वाटच बघत होता.

"या, फोनवाले! कुणासंगं बोलत व्हतास रं? म्हातारी तर तुझी कवाच गेली."

"वरनं फोन आला असंल तिचा," दुसरा म्हणाला. "गोळ्या खाल्ल्या का म्हणून."

"वरनंच आला व्हता," मी म्हणलं. "डोंगरावरनं. तुमाला न्हाय येत, तुमची वळक न्हाय तिथं."

हसले सगळे. मीपण हसलो. पण चहा अर्धाच ठेवून उठलो.

लेक रोज म्हणायचा, "आबा, म्या दंड भरून टाकतो. बटन दाबलं की मिटलं." मी त्याला बजावलं, "दाबलंस तर याद राख. दंड भरला म्हंजे केलं म्हणून कबूल. म्या केलंच न्हाय. म्या धाराशिवला जातो आन सायबाच्या तोंडानंच वदवून घेतो, की म्हातारा खरा हाय. मग तूच सांग तुझ्या बायकूला."

मला दंडाचं नव्हतं. मला नात परत मागं बसवायची होती. पण हे मी कुणाला बोललो नाही.

एसटीनं धाराशिवला गेलो. वाहतूक शाखेचं ऑफिस शोधून काढलं. टेबलामागं एक तरणे साहेब, शेजारी काँप्युटरवर एक पोलीस बाई. माझ्या नातीला मोठेपणी असा ड्रेस शोभेल, असं मनात आलं. साहेबांनी "बसा आजोबा" म्हणून खुर्ची दिली, तेव्हा वाटलं, काम झालंच.

साहेबांनी फोटो काढून बघितला. "आजोबा, हात कानाला आहे."

"हाय की."

"म्हणजे फोन होता."

"फोन दिसतोय का?"

साहेबांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. माझ्या कानातले केस दिसले, फोन दिसला नाही.

"दिसत नाही," साहेब म्हणाले. "मुठीत झाकलाय."

"सायेब, दिसत न्हाय पर हाय, असं आमी निस्तं देवाचं म्हणतो."

बाई हसल्या. साहेबही थोडे हसले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमचा फोन दाखवा, त्या वेळचा कॉल आहे का बघतो. नसला तर पुढं काय करायचं ते करू."

"न्हाय दावत."

"का?"

"म्या कान धरला म्हणून सांगतोय. माझ्या सबदावर इसवास ठेवा."

"आजोबा, शब्दाला यात रकाना नाही."

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मला मास्तरासारखं समजावायला घेतलं. "धरा, कानच धरला होता. तरी एक हात सुटलाच की नाही? हायवे आहे तो. फोन वाईट म्हणून कायदा नाही केला. हात सुटतो, ध्यान सुटतं, ते वाईट."

"देवीकडं ध्यान जाणं वंगाळ व्हय सायेब?"

"देवीकडं गेलं की रस्त्याकडं राहत नाही."

मी पाणी मागितलं.

पाणी पीत होतो तेवढ्यात बाई म्हणल्या, "साहेब, हे चलन भरलंय. आत्ताच भरलेलं दिसतंय."

"कुणी भरलं?" मी म्हणलं, आणि माझ्या बंडीत फोन वाजला.

माझा फोन असा आहे की त्यातलं बोलणं माझ्याआधी शेजारच्याला ऐकू येतं. लेकाचा आवाज साऱ्या ऑफिसात घुमला. "आबा, दंड भरला म्या. शाळेपुढं पोरीची वाट बघत व्हतो, तवाच भरून टाकला. झेंगट नको. या आता घरला."

त्याच्या बोलण्यामागं वारा होता. भर्रर वारा, आणि ट्रकचा लांबडा हॉर्न.

"कुठं हायस रं तू?"

"वाटंला. येरमाळ्यातनं निघालोय."

आणि त्या वाऱ्यातून नातीचा आवाज आला, "आबाऽ! डोंगर दिसला! म्या कान धरला! तुमच्यासाठी दोन्ही धरलेत!"

दोन्ही. म्हणजे मोटारसायकल चाललेली, पुढं बापाचा एक हात फोनला, आणि मागं ती दोन्ही हात सोडून बसलेली, माझ्यासाठी.

"सोड!" मी ओरडलो. "सोड कान! न्हाय, न्हाय, धर! पप्पाला धर!" काय सोडायचं आणि काय धरायचं, माझं मलाच नीट सांगता येईना. "आरं गाडी थांबीव, ठेव त्यो फोन..."

पुन्हा एक हॉर्न आला. मग फोन बंद झाला.

मग काहीच आलं नाही.

माझं बोट बटनावर गेलं, तसे साहेब म्हणाले, "नका लावू. लावला तर तो पुन्हा गाडीवरच उचलेल."

बरोबर होतं. म्हणजे पोरगी बरी आहे का विचारायचं, तर त्या विचारण्यानंच ती बरी राहायची नाही. घरी सुनेला लावावा तर ती विचारणार, का हो मामा, काय झालं? तिला काय सांगू? ती जे ऐकून बसली आहे तेच मीपण ऐकलं, हे सांगू? फोन मुठीत धरून बसलो. भिंतीवर घड्याळ होतं, मला घड्याळ कळतं, पण तिकडं मी बघितलं नाही. बाईंनी काँप्युटर सोडून पुन्हा पाण्याचा ग्लास भरला आणि माझ्यापुढं सरकवला. आई येडाईला सांगायला कानाकडं हात चालला होता, तो मधेच राहिला. त्या दिवशी मी एक्काहत्तर वर्षांत पहिल्यांदा हात जोडले.

फोन वाजला. सुनेचा.

"मामा, काय झालं हापिसात? पोरगी शाळेतनं आलीय, कवाची इचारतीय."

"आली?"

"आली की. जेवाय बसलीय. का हो?"

"काय न्हाय," मी म्हणलं. "जेवू दे तिला."

फोन खाली ठेवला तो सरळ साहेबांपुढं ठेवला. "घ्या. काय बघायचं ते बघा."

साहेबांनी बटनं दाबून बघितलं. बाईंनी वाकून बघितलं. फोटोच्या दिवशी सकाळी ना आलेला फोन, ना गेलेला. साहेब म्हणाले, "आजोबा, तुमचं खरं आहे. फोन नव्हता."

"म्या दुसरं काय सांगत व्हतो?"

"हो. पण चलन तर भरून झालं. केस बंद. आता माझ्या हातात काही नाही."

"आन माझा लेक? त्यो गाडीवर बोलत व्हता, तुमी सोताच्या कानानं ऐकलं."

"ऐकलं," साहेब म्हणाले. त्यांनाच जरा अवघडल्यासारखं झालं. "पण फोटो नाही."

म्हणजे जो बोलला नाही त्याचा फोटो आहे, आणि जो बोलला त्याचा नाही. निघताना बाई दारापर्यंत आल्या. म्हणल्या, "आजोबा, लेकाला तुम्हीच सांगा. आम्ही प्रत्येक वळणाला कुठं उभं राहणार?" मला वाटतं, त्या ऑफिसात त्या दिवशी झालेलं खरं काम तेवढंच.

एसटीत खिडकीला बसून सारा वेळ विचार करत आलो. पोटच्या पोराची चहाडी करायची का? मी कुणाची चहाडी कधी केली नाही. तेरखेड्याच्या शिवारात शेजाऱ्यानं माझा बांध कोरला, तरी मी तलाठ्याकडं गेलो नाही. मीपण त्याचा कोरला. पण ते दोन्ही हात माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या हातांना सवय मी लावली होती आणि ते सुटले त्याच्या गाडीवर. कायद्याच्या कागदावर मात्र त्या हातांचा गुन्हा आम्हा दोघांपैकी कुणाच्याच नावावर नव्हता.

घरी आलो तेव्हा सून भाकरी थापत होती. लेक भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. नात पळत येऊन माझ्या धोतराला बिलगली.

"मिटलं का मामा?" सुनेनं विचारलं.

"मिटलं. तुझ्या नवऱ्यानं दंड भरला. आन तसा फोन बी केला मला. गाडीवरनं. पोरगी मागं व्हती."

सुनेचा हात पिठात तसाच राहिला. लेक म्हणाला, "आगं, निस्तं एक मिनिट. रस्ता मोकळा व्हता."

सुनेनं त्याच्याकडं बघितलंच नाही. नातीला म्हणली, "हितं ये. पप्पा बोलत व्हते तवा तुझे हात कुठं व्हते?"

नातीनं दाखवलं. दोन्ही हातांनी दोन्ही कान धरून ताठ उभी राहिली. शाबासकी मिळेल म्हणून हसतपण होती.

तवा धूर सोडायला लागला, तरी कुणी भाकरी उलथली नाही. मग सून उठली. पिठाच्या हातानंच लेकाचा मोबाइल घेतला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "आजपासनं पोरीला जो नेईल त्यानं फोन हितं ठिवून जायचा."

"आन कुणाचा अर्जंट फोन आला म्हंजे?" लेक म्हणाला.

"पीठ उचलंल."

सरकारनं कायदा कधी केला मला माहीत नाही. आमच्या घरात तो त्या संध्याकाळी लागू झाला. मग सून माझ्याकडं वळली. हात पुढं केला नाही या वेळी, नुसती बघत राहिली. मीच बंडीतून फोन काढला आणि डब्याचं झाकण उघडून आत ठेवला. आणि ती काही बोलायच्या आधी, कारण मला कुणी सांगितलेलं आवडत नाही, मीच म्हणलं, "आन कान धरायचा त्यो गाडी थांबवून धरायचा. उतरून."

"मग उद्या मला कोण नेणार?" नातीनं विचारलं.

सून पुन्हा परातीपुढं बसली. करपलेली भाकरी बाजूला टाकली, नवीन गोळा घेतला. "आबा," ती म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोनदा पुसलेली मोपेड काढली. दारातून निघताना सुनेनं डब्याचं झाकण उघडून मोजल्यासारखं आत बघितलं. नात मागं बसली, पोट आवळलं, आणि गेल्या काही दिवसांत शाळेत कोण कोण रडलं ते पाठीला सांगायला लागली. येरमाळ्याजवळ डोंगर दिसला. मी मोपेड हायवेच्या कडेला घेतली, बंद केली, स्टँडला लावली. नातीला उतरवलं. दोघांनी डोंगराकडं तोंड करून दोन्ही कान धरले.

लिंबाखालून शिट्टी वाजली. फोटोवाला हवालदार ताडताड चालत आला. "ओ आजोबा! हायवेला अशी गाडी उभी करायला मनाई आहे. चला, हला इथनं!"

मी कान सोडले नाहीत, डोळेही उघडले नाहीत.

"थांबा जरा," म्हणलं. "बोलतोय. गाडी उभी करून बोलतोय."